चौघांचं रिझर्व्हेशन

१ जानेवारी २००४, गुरुवार

नवी डायरी. विमा एजंटनं दिलेली, पहिल्याच पानावर त्याचा हसरा फोटो. फाडून टाकला. गेल्या वर्षीची डायरी १८ मेपर्यंत भरली, पुढे कोरी. आळस, दुसरं काही नाही. यंदा रोज लिहिणार.

संकल्प एकच, पण दणदणीत. मे महिन्यात सहकुटुंब हिमालय! गढवालमधलं व्हॅली ऑफ फ्लॉवर्स नॅशनल पार्क. फुलांची दरी. तंबू, ट्रेक, सगळं. अठ्ठावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवतोय. हिमालयाच्या तिन्ही रांगा डोळे मिटून फळ्यावर काढतो. प्रत्यक्ष बघायच्या राहिल्यात, पण तो तपशील झाला.

उपसंकल्प: उद्यापासून पहाटे साडेचारला उठणे. डोंगर चढायचा तर दम हवा.

२ जानेवारी

उठलो सात पाच. थंडी होती.

रात्री जेवताना मुलांना बेत सांगितला. एरॉल कामणच्या गोडाऊनमध्ये सुपरवायझर झाल्यापासून कुठल्याही गोष्टीकडे ट्रक उशिरा आल्यासारखा बघतो. कधी निघायचं म्हणाला. म्हटलं, चौदा मेला, अठ्ठावीसला परत. तो जोआनाकडे बघायला लागला, जोआना ताटाकडे. मग ती म्हणाली, पप्पा, मध्ये एकोणीस तारीख येते.

म्हटलं, येऊ दे की. कॅलेंडरात सगळ्याच तारखा येतात. मम्मीच्या वर्षाची चर्चमधली मिस्सा परत आल्यावर करू. देव काय तारखा लिहून बसत नाही. लूर्डसला जाऊन साडेसात महिने झाले. आम्ही सावरलोय. मी विशेष.

कुणी भात वाढून घेतला नाही. उरला.

११ जानेवारी, रविवार

चर्चहून येतो तर वाडीत अँजेलिना. लूर्डसची थोरली बहीण. दोन वाड्या सोडून राहते आणि मला 'सर' म्हणते, त्यात आदर किती ते तिचं तिलाच ठाऊक. हातात कात्री. लूर्डसच्या मोगऱ्याची छाटणी चाललेली, न विचारता! अर्धा वाफा बोडका.

मी ओरडलो नाही. आवाज मोठा होता एवढंच. ती म्हणाली, सर, आता छाटला नाही तर उन्हाळ्यात फूल कुठनं येणार? म्हटलं, फूल हवंय कुणाला? दादरच्या बाजारात न्यायला आहे कोण? तिनं उरलेला अर्धा वाफाही छाटला आणि पदराला हात पुसत गेली.

नियम केला. मुलांना बोलावून सांगितला. मोगऱ्याला यापुढे कुणी हात लावायचा नाही. भाव पडलेत, तोडणं परवडत नाही.

२४ जानेवारी

उठलो सव्वासात. शनिवार होता.

स्वयंपाकघरातलं कॅलेंडर '९२ सालचं आहे. जोआना म्हणते, आता तरी काढा. का काढायचं? मे महिन्याच्या पानावर त्या दरीचा फोटो आहे. डोंगराच्या उतारावर नजर जाईल तिथं फुलं. लूर्डसनं ते पान पुढे कधी उलटू दिलं नाही. आमच्या घरात बारा वर्षं मे महिनाच चालू आहे.

कॅलेंडर आलं त्या दिवशी मी तिला माहिती दिली होती. म्हटलं, तिथं फूल तोडायला बंदी आहे, तोडलं तर दंड. ती भाकरी थापत होती, हात थांबला. म्हणाली, मग तिथल्या बायका पहाटे उठून करतात काय? म्हटलं, झोपत असतील. खूप हसली. म्हणाली, मला एकदा न्या. मी आठ वाजेपर्यंत झोपणार.

लग्न झाल्यापासून ती चारला उठायची. बॅटरी लावून मोगरा तोडायची, टोपली भरून दादरला जायची आणि मी शाळेत निघायच्या आत डबा तयार असायचा. कसा, ते कधी विचारलं नाही. गृहखातं तिचं होतं.

मी 'नाही' कधीच म्हटलं नाही. 'पुढच्या मेमध्ये' म्हटलं. दोन्हींत फरक आहे. आणि दर वर्षीचं कारण सबळ होतं. '९३ला बोर्डाचे पेपर तपासायचे होते. '९५ला जोआनाचं पहिलं कम्युनियन. '९६ला निवडणूक. '९८ला विहिरीची मोटर जळली. पुढची आठवत नाहीत, पण तीही सबळच असणार.

८ फेब्रुवारी, रविवार

तंबूची सोय झाली. माझा जुना विद्यार्थी विघ्नेश एव्हरशाईन सिटीत राहतो, दोनदा हिमालयात जाऊन आलाय. त्याच्याकडून उसना आणला. किती जणांचा हवा विचारलं. चौघांचा म्हटलं. ऐसपैस बरा.

बेत ऐकून पठ्ठ्या मलाच शिकवायला लागला. म्हणे, सर, मेमध्ये तिथं बर्फ असतो. पार्क उघडतंच जूनमध्ये, फुलं येतात जुलै-ऑगस्टला. म्हटलं, विघ्नेश, नववीत तुला भूगोलात किती मार्क होते? तेरा होते. मीच दिले होते.

घरी येऊन खात्री केली. फोटो मे महिन्याच्याच पानावर आहे. छापणाऱ्यांनी काही विचार केलाच असेल की नाही?

२५ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

कपाळावर राख लावून घेतली. उपवासकाळात काहीतरी सोडायचं असतं. मी सकाळची झोप सोडली. चाळीस दिवस, साडेचार म्हणजे साडेचार. चहाही सोडणार होतो, पण एका वेळी एकच त्याग.

२६ फेब्रुवारी

उठलो पावणेसात. प्रगती आहे.

१५ मार्च, सोमवार

गाडीच्या साठ दिवस आधी रिझर्व्हेशन सुरू होतं, म्हणून आज पहिल्या दिवशीच वसई रोडच्या खिडकीवर. बोरिवली ते हरिद्वार, स्लीपर, सगळ्या बर्थ एकाच डब्यात. फॉर्म भरण्यात माझा हात धरणारा कुणी नाही. शाळेच्या सहलींना एका दमात चाळीस-चाळीस नावं भरलीत. या चार ओळींचं काय घेऊन बसलात.

संध्याकाळी तिकीट टेबलावर ठेवलं. एरॉलनं उचललं. ओळींवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाला, पप्पा, यात चार नावं आहेत.

बघितलं. आहेत. क्लार्कची चूक. एरॉल म्हणाला, फॉर्म आपण भरतो, ते नुसतं टाईप करतात. म्हटलं, तेच म्हणतोय मी, माणसानं बघून टाईप करायला नको? आणि त्यात एवढं काय? चौथी बर्थ सामानाला होईल. तंबू काय छोटा आहे?

जोआना उठून आत गेली. बारावीचे पेपर चालू आहेत, टेन्शन असतं. तिकीट बायबलमध्ये ठेवलं. चौथं नाव नंतर रद्द करीन.

२८ मार्च, रविवार

सराव. पाठीवर सॅक, सॅकमध्ये पंधरा किलो तांदूळ, लक्ष्य तुंगारेश्वरचा डोंगर. पहाटे निघायचं होतं. निघालो साडेदहाला.

दुसऱ्या वळणापर्यंत उत्तम. नंतर निसर्ग बघायला बसलो. नालासोपाऱ्याचं एक कुटुंब सहलीला आलं होतं. त्यांतल्या बाईंनी कपाळाला हात लावून पाहिला आणि पन्हं पाजलं. म्हणाल्या, एकटेच आलात का? म्हटलं, नाही, फॅमिली मागून येतेय. पाच मिनिटं त्या रस्त्याकडे बघत थांबल्या. भल्या बाई. त्या वर गेल्यावर मी रिक्षा करून परत आलो.

तांदूळ बुटात सांडले. बूट दर्जेदार नव्हते.

११ एप्रिल, ईस्टर

मोगरा फुलला. अँजेलिनाच्या छाटणीमुळे की कसा, यंदा बेसुमार. घरभर वास. संध्याकाळी पांढराशुभ्र वाफा, सकाळी खाली पिवळट सडा. झाडू मारत नाही.

मम्मीच्या फोटोला वाहायला ओंजळभर फुलं घेऊ का, जोआनानं विचारलं. म्हटलं, नियम म्हणजे नियम. दरीत जो कायदा तो इथं. ती म्हणाली, पप्पा, मम्मी असती तर तुम्हाला वेडं म्हणाली असती. म्हटलं, म्हणू दे. मग लक्षात आलं की आपण काय बोललो. ईस्टरचा केक खाल्ला. कोरडा होता.

अँजेलिना कुंपणाशी उभी राहून सड्याकडे बघत होती. मी दिसताच गेली.

२७ एप्रिल

निवडणुकीच्या ड्यूटीत सरावाचा बोजवारा. देशापुढे इलाज नाही. उठण्याबाबत नवा विचार: हिमालयात सूर्य लवकर उगवतो, तिथं जाग आपोआप येईल. इथं उगाच गजराची बॅटरी जाळण्यात अर्थ नाही.

चौथं नाव रद्द करायला वेळ झाला नाही.

५ मे, बुधवार, दुपार

वाडीत तंबू ठोकून पाहिला. दोन तास लागले. दार विहिरीच्या बाजूला यायला हवं होतं, ते मोगऱ्याकडे आलं. आत शिरलो. ऐसपैस आहे. एका माणसाला फारच ऐसपैस.

जोआना चहा घेऊन आली आणि तंबूतच बसली. म्हणाली, एरॉलनं रजा मागितलेलीच नाही. आणि मी पण येणार नाही, पप्पा. एकोणीस तारखेच्या मिस्सेची नोंद तिनं चर्चच्या ऑफिसात जानेवारीतच करून ठेवली होती. मला न विचारता! म्हटलं, कुणाच्या नावानं? म्हणाली, 'फर्डिनंड आणि मुलं.' तुमचं नाव पहिलं घातलंय. तुम्ही नसलात तरी वाचलं जाईल.

मी चहाबद्दल बोललो. साखर कमी होती.

ती म्हणाली, पप्पा, त्या दिवशी तुम्ही घरी असू नये म्हणून हे सगळं चाललंय, आम्हाला कळतं. म्हटलं, तुला अजून बारावीचा रिझल्टही लागलेला नाही, तुला काय कळणार. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं, समजूत घालता येते.

तंबू उतरवताना एक खुंटी हरवली.

६ मे

एकटा जाणार. ठाम. पुष्कळ मोठी माणसं हिमालयात एकटीच गेली. मुलांची तीन नावं... दोन नावं आणि ते एक, अशी तीन रद्द करून टाकायची.

१२ मे, बुधवार

रिझर्व्हेशनच्या खिडकीवर गेलो. तिकीट आत सरकवलं. म्हटलं, तीन पॅसेंजर रद्द करायचेत. आतल्या मुलीनं फॉर्म दिला. म्हणाली, काका, ज्यांना काढायचंय त्यांची नावं लिहा.

एरॉल लिहिलं. जोआना लिहिलं. तिसरं लिहायला तिकीट जवळ घेतलं, स्पेलिंग बघायला. LOURDES F 49.

एकोणपन्नास.

ती गेली तेव्हा अठ्ठेचाळीस होती. वाढदिवस फेब्रुवारीत. क्लार्कला हे कुठनं कळणार? फॉर्मवर मीच लिहिलं. आमचं वय दर वर्षी एकेकानं वाढतं तसं तिचंही वाढवलं. त्या दिवशी सकाळी खिडकीसमोर उभा असताना माझ्या हिशेबी ती घरी होती. भाकरी थापत होती.

मागून लोक ओरडायला लागले. काका, लवकर. मुलगी म्हणाली, काका, तिसरं कुणाला काढायचंय? मला ते लिहिता येईना. अठ्ठावीस वर्षं फळ्यावर लिहिणारा माणूस मी. रांग सोडली. समोरच्या दुकानात तिकिटाची झेरॉक्स काढली, पुन्हा रांगेत उभा राहिलो आणि म्हटलं, चौघांचंही रद्द करा. एकत्रच करा.

झेरॉक्स बायबलमध्ये.

१४ मे, शुक्रवार

आज निघणार होतो. तंबू विघ्नेशला परत केला. त्यानं खुंट्या न मोजताच तो ठेवून दिला. कपाटातून एक पुस्तक काढून दाखवलं. सगळं तो म्हणाला तसंच. मेमध्ये बर्फ, पार्क बंद. फुलं जुलैत. म्हणजे तिला कुठल्याही मेमध्ये नेलं असतं तरी एक फूल दिसलं नसतं.

याचं समाधान वाटायला हवं. रिक्षात बराच प्रयत्न केला. झालं नाही. बर्फात नेऊन उभी केली असती तरी ती हसली असती, आणि आठ वाजता उठली असती.

१९ मे, बुधवार, पहाटे ३.४०

गजर न लावता जाग आली. झोपलोच कुठे होतो.

लिहून टाकतो. गेल्या वर्षीची कोरी पानं आळसानं राहिली नव्हती. गेल्या १९ मेला मी सात वाजता उठलो. पलंगावरूनच चहासाठी हाक मारली. मग दुसरी. तिसरीला चिडलो. 'ऐकू येत नाही का?' असं ओरडलो. मग पेपर वाचत बसलो, रागानं. आठला एरॉल वाडीत गेला. ती मोगऱ्यात आडवी होती. बॅटरी अजून चालू होती. डॉक्टर म्हणाले, पाच-साडेपाचला गेली असेल, लगेच. ते 'लगेच' माझ्या समाधानासाठी होतं.

मोगरा खिडकीपासून वीस पावलांवर आहे. मी मोजलंय.

मला माझी बायको हवी आहे. बाकी हिमालय वगैरे काही नको होतं.

आता तीच बॅटरी घेऊन वाडीत जातो. नियम आज रद्द. मिस्सेला तिच्याच वाफ्यातली फुलं नेईन, मी स्वतः तोडलेली.

त्याच दिवशी, संध्याकाळ

टोपली भरून तोडली होती. कंबर मोडली. तासाभरात एवढी, ती दिवसाआड नाही, रोज तोडायची. चांगली टपोरी, पूर्ण उमललेली, शोधून शोधून घेतली. वेदीपुढे टोपली ठेवली तेव्हा पाकळ्या गळत होत्या. प्रवचन संपेपर्यंत कडा तांबूस. दफनभूमीत तिच्या क्रूसापाशी पोचलो तेव्हा टोपलीत नुसता ओला चोथा.

अँजेलिनानं टोपलीत हात घातला. म्हणाली, सर, उमललेली कुणी तोडतं का? कळी तोडायची असते. टपोरी, पांढरी, मिटलेली. ती मग संध्याकाळी माणसाच्या घरी जाऊन उमलते. लूर्डसनं कधी सांगितलं नाही?

सांगितलं असेल. पंचवीस वर्षांत कधीतरी सांगितलंच असेल. मी पेपर वाचत असेन. माझ्या घरातून रोज टोपली भरून कळ्या जात होत्या आणि मला वाटत होतं, फुलं जातात.

मी तिथंच बसलो. अँजेलिना ओरडेल असं वाटलं होतं. ती शेजारी बसली आणि तो चोथा तिनं मुठीमुठीनं क्रूसाभोवती पसरला. म्हणाली, वास आहे अजून. एरॉलनं माझ्या काखेत हात घालून उठवलं. मिस्सेत नाव वाचलं तेव्हा मी हजर होतो, हे त्यानं जोआनाला दोनदा सांगितलं, जणू मी ऐकतच नव्हतो.

रात्री जेवताना जाहीर केलं. उद्यापासून पहाटे चारला उठून मी कळ्या तोडणार. अँजेलिना त्या दादरला पाठवील. मुलांनी एकमेकांकडे बघितलं. एरॉलनं भात वाढून घेतला.

गजर लावला. नवी बॅटरी घातली.

२० मे, गुरुवार

उठलो सव्वासात. गजर वाजला होता, हे घड्याळ जोआनाच्या उशाशी दिसलं त्यावरून कळलं; तिनंच उचलून नेलं असणार.

घरात कुणी नाही. टेबलावर चहा झाकून ठेवलेला. हाक मारायला तोंड उघडलं होतं, मिटलं. चहा तसाच ठेवून आधी वाडीत गेलो. वीस पावलं. मोगऱ्यात एरॉल आणि जोआना, दोघंही होती, कळ्या तोडत, उभी.